क्रिकेटचा जुना संग्रह विकायचा आहे; किंमत कशी ठरवावी?

नौपाडाकर

नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला गेली असून दिवाळीच्या आत सर्वांनी घरे रिकामी करून द्यायची आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्हा दोघांना भाड्याच्या लहान घरात राहायचे आहे आणि तेथे माझा क्रिकेटचा संग्रह सुरक्षित ठेवता येईल अशी जागा नाही. मुलगा बंगळुरूला आणि मुलगी परदेशात स्थायिक आहे. दोघांशीही सविस्तर बोलणे झाले. हे सामान सांभाळण्याची जबाबदारी त्यांना नको आहे आणि ती त्यांच्यावर टाकावी असे मलाही वाटत नाही. त्यामुळे विकण्याचा निर्णय पक्का आहे, प्रश्न आहे तो किमतीचा.

संग्रह मी शाळेत असल्यापासून, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून जमवत आलो. वानखेडे स्टेडियमवरील सामन्यांची तिकिटे हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे झालेल्या पहिल्या कसोटीचे तिकीट माझ्याकडे आहे, तसेच ५ नोव्हेंबर १९८७ च्या विश्वचषक उपान्त्य सामन्याचेही आहे. त्याखेरीज सामन्यांच्या स्मरणिका, संदीप पाटील यांच्या संपादनाखाली पूर्वी निघणाऱ्या ‘षटकार’चे आणि ‘स्पोर्टस्टार’चे बांधून ठेवलेले अंक, खेळाडूंच्या सह्यांच्या दोन वह्या, १९८३ च्या विश्वविजेत्या संघाच्या सह्या असलेली एक छोटी बॅट, क्रिकेटवरील टपाल तिकिटे व प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटे), आणि वृत्तपत्रांतील कात्रणांच्या फाइली आहेत. आजोबांकडून आलेले सी. के. नायडू यांचे एक जुने छायाचित्रही आहे; ते १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध झालेल्या सामन्याच्या वेळचे आहे, असे आजोबांनी मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

एका व्यापाऱ्याने घरी येऊन, जेमतेम अर्धा तास सामान चाळून, सगळ्याचे मिळून पस्तीस हजार रुपये देऊ केले. दुसरीकडे विक्रीच्या संकेतस्थळांवर सह्यांच्या एकेका छोट्या बॅटीला दीड-दोन लाख रुपये लावलेले दिसतात. या दोन टोकांच्या मध्ये खरी किंमत कोठे असते, आणि ती माझ्यासारख्या माणसाने कशी शोधावी? खरेदीदाराला फसवायचे नाही आणि इतक्या वर्षांचा ठेवा कवडीमोलानेही द्यायचा नाही, एवढीच माझी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाशीचा संग्राहक

नौपाडाकर, आपण यादी स्पष्ट दिल्यामुळे नेमके बोलता येईल. संकेतस्थळावर लावलेली किंमत ही विक्रेत्याची अपेक्षा असते, आणि अपेक्षा कोणीही कितीही लावू शकतो. आपण जी दीड-दोन लाखांची बॅट पाहिली, ती विकली गेल्याचे आपण पाहिलेले नाही. किमतीचा पुरावा म्हणून फक्त पूर्ण झालेला व्यवहार धरावा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या गाळून पाहता येतात आणि बहुतेक लिलावगृहे झालेल्या लिलावांचे निकाल आपापल्या संकेतस्थळांवर ठेवतात. आपल्या वस्तूसारख्याच वस्तूचे, त्याच काळातले आणि साधारण त्याच स्थितीतले चार-पाच व्यवहार सापडले, तर त्यांतला सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवून उरलेल्यांचा विचार करावा. ईबेची भारतातील सेवा २०१८ मध्ये बंद झाल्यामुळे तेथे दिसणारे व्यवहार मुख्यतः ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील असतात. तेथील ग्राहक आपल्या देशाच्या खेळाडूंसाठी जास्त मोजतो, त्यामुळे पौंडांचे सरळ रुपये करून आपली किंमत लावणे बरोबर ठरत नाही.

दुसरी दिशाभूल वृत्तपत्रांतल्या मोठ्या बातम्यांमुळे होते. शेन वॉर्नची कसोटीची टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रकमेला गेली, पण तो लिलाव तेथील वणव्यांच्या मदतनिधीसाठी होता. महेंद्रसिंग धोनीने २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, तोही धर्मादाय कार्यक्रम होता. अशा ठिकाणी बोली लावणारा देणगी देत असतो. शिवाय त्या वस्तू प्रत्यक्ष खेळात वापरलेल्या, जगात एकमेव अशा होत्या. आपल्याकडील बहुतेक वस्तू छापील आहेत आणि छापील वस्तूची किंमत किती प्रती उरल्या आणि त्यांतल्या किती चांगल्या स्थितीत आहेत, यावर ठरते.

आता आपल्या यादीकडे येतो. माझ्या मते आपला खरा ऐवज तिकिटे आणि सह्यांच्या वह्या हा आहे. १९८७ च्या उपान्त्य सामन्याचेच उदाहरण घ्या. त्या दिवशी इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने भारताच्या फिरकी गोलंदाजांना स्वीप मारून मारून ११५ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला आणि सुनील गावसकर यांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. हरलेल्या सामन्याचे तिकीट घरी आणून जपून ठेवणारे फार नसतात, म्हणून अशी तिकिटे जिंकलेल्या सामन्यांच्या तिकिटांपेक्षा कमी दिसतात, आणि येथे तर गावसकरांचे नाव त्याला जोडलेले आहे. १९७५ चे तिकीट वानखेडेवरील पहिल्याच कसोटीचे आहे. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावा त्याच सामन्यातल्या, आणि मन्सूर अली खान पतौडी यांचा तो शेवटचा कसोटी सामना. अशी दोन-तीन कारणे एका कागदाला चिकटली, की त्याचा ग्राहकही दोन-तीन प्रकारचा होतो: कोणी मैदानाच्या इतिहासासाठी घेतो, कोणी वेस्ट इंडीजच्या प्रेमापोटी, कोणी पतौडींसाठी. तिकीट भिंगाखाली पाहून तारीख, स्टँड आणि आसनक्रमांक वाचता येतो का, फाटकावर फाडलेल्या बाजूची कड कशी आहे, घडीवर कागद तुटला आहे का, हे लिहून ठेवावे. सर्वसाधारण एकदिवसीय सामन्यांची तिकिटे मात्र मी स्वतः काहीशे रुपयांच्या पुढे कधी घेतलेली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मासिकांबाबत अपेक्षा कमी ठेवावी. ती भरपूर छापली गेली आणि पुष्कळ घरांत जपली गेली. सलग वर्षांचे अंक मधली पाने न फाडता असतील तर संपूर्ण संचाला अभ्यासक किंवा ग्रंथालय विचारील, सुटे अंक विकत बसण्यात आपला वेळच अधिक जाईल. बांधणी करताना कडा कापल्या गेल्या असतील तर किंमत आणखी उतरते. टपाल तिकिटांचेही तसेच. सचिन तेंडुलकर यांच्या दोनशेव्या कसोटीच्या वेळी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, डाक विभागाने काढलेली तिकिटे हजारो लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवली. सर्वांनीच जपलेल्या वस्तूला दुर्मीळपणा येत नाही. कात्रणांना जवळजवळ मोल नाही, पण २६ जून १९८३ च्या वृत्तपत्राचा संपूर्ण अंक असेल तर तो कात्रणांतून वेगळा काढावा.

व्यापाऱ्याच्या आकड्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तो वस्तू विकत घेतो, काही वर्षे सांभाळतो, काही त्याच्याकडेच पडून राहतात, आणि दुकानाचे भाडे चालूच असते. म्हणून शेवटी ग्राहकाकडून मिळू शकेल त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम तो देऊ करतो. हे व्यवसायाला धरून आहे. परंतु अर्ध्या तासात त्याने जो आकडा सांगितला, तो बहुधा दोन-तीन वस्तू पाहूनच ठरवलेला असणार. त्या कोणत्या, हे आपल्याला कळेपर्यंत त्याला होकार देऊ नये.

घोडबंदर रोड

काका, ऑनलाइन विकणार असाल तर एक सावधगिरी अवश्य बाळगा. ‘वस्तू पसंत आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असा संदेश आला, की तेथेच संभाषण थांबवावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, तो टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आपल्या वस्तूला लाखो रुपये मिळवून देतो, फक्त आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असे सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत असे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा इशारा द्यावा लागला होता.

छायाचित्रे सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंची काढावीत. डाग आणि फाटलेली कड लपवू नये, उलट त्यांचे जवळून वेगळे छायाचित्र द्यावे. त्यामुळे वस्तू हातात पडल्यावर होणारे वाद टळतात आणि चांगला ग्राहक पुढच्या वेळी पुन्हा आपल्याकडेच येतो.

नौपाडाकर

दोघांचेही आभार. छोट्या बॅटीबद्दल थोडे अधिक सांगतो. ती मला १९८४ च्या सुमारास एका परिचितांनी भेट दिली होती. सह्या निळ्या आहेत, सर्व एकाच आकाराच्या आणि अगदी नीट ओळीत. वह्यांतील सह्या मात्र मी स्वतः, बहुतेक ब्रेबर्न स्टेडियमवर आणि शिवाजी पार्कला क्लब सामन्यांच्या वेळी उभा राहून घेतलेल्या आहेत. पहिल्या वहीत विजय मर्चंट, विनू मांकड आणि एकनाथ सोलकर यांच्या सह्या आहेत, दुसरीत ऐंशीच्या दशकातील बहुतेक मुंबईकर खेळाडू. काही पानांवर माझे नाव घालून शुभेच्छा लिहिलेल्या आहेत. नाव घातल्याने किंमत कमी होते असे ऐकले, ते खरे आहे का? आणि वह्यांची पाने सुटी करून विकावी, असे व्यापाऱ्याने सुचवले होते.

नेरूळहून

माझ्या वडिलांचा सह्यांचा संग्रह आम्ही भावंडांनी विकला, त्या वेळी या प्रश्नांचा मी बराच पाठपुरावा केला होता, म्हणून लिहिते.

बॅट दहापट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. ठाण्यात स्टेशनरोडला घड्याळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत असे भिंग सहज मिळते. छापील सहीची रेघ आरंभापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आणि एकाच गडदपणाची दिसते, पुष्कळदा तिच्यात बारीक ठिपकेही दिसतात. हाताने केलेल्या सहीत पेन टेकले तेथे शाई साचते, वेगात वळले तेथे रेघ बारीक होते, आणि एक रेघ दुसरीला छेदते तेथे शाई दुप्पट गडद दिसते. लाकडावर बॉलपेनने सही केली असेल तर बोटाला किंचित खोबणही लागते. सर्व सह्या एकाच आकाराच्या आणि ओळीत आहेत, हे आपले वर्णन वाचून मला त्या छापील असाव्यात असे वाटते. चौदा-पंधरा माणसे एका छोट्या बॅटीवर सह्या करतात, तेव्हा पहिले चार जण जागा अडवतात आणि शेवटच्यांना कडेला तिरकी सही करावी लागते. विश्वविजयानंतर अशा छापील बॅटी भेटवस्तू म्हणून पुष्कळ निघाल्या. ती तशी निघाली तर ‘छापील सह्यांची जुनी भेटवस्तू’ असेच वर्णन करून विकावी.

वह्यांची गोष्ट निराळी आहे आणि त्यांच्या बाबतीत मी आग्रहाने सांगते की एकही पान सुटे करू नका. विनू मांकड १९७८ मध्ये गेले, विजय मर्चंट १९८७ मध्ये आणि एकनाथ सोलकर २००५ मध्ये. त्यांच्या सह्यांचा पुरवठा त्या त्या वर्षी कायमचा थांबला. आजच्या खेळाडूंच्या सह्या हजारोंनी बाजारात आहेत, यांच्या नाहीत. सुट्या पानावरील मांकडांची सही खरी की खोटी, हा प्रश्न पहिला ग्राहकच विचारील. तीच सही एका शाळकरी मुलाच्या वहीत, आगेमागे त्याच काळातील इतर खेळाडूंच्या सह्या, तारखा आणि त्या मुलाचे अक्षर असताना पाहिली, की तिचा खरेपणा वहीच सांगते. सही खरी ठरवण्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था मुख्यतः अमेरिकेत आहेत. त्यांचे शुल्क आणि टपालखर्च मोठ्या किमतीच्या वस्तूलाच परवडतो, म्हणून वस्तूची हकिगत हेच आपले प्रमाणपत्र. प्रत्येक वहीसोबत एक कागद जोडावा: सही कोठे, साधारण कोणत्या साली, कोणत्या सामन्याच्या वेळी घेतली. आठवत असेल तेवढेच लिहावे, अंदाजाने एकही तारीख घालू नये, कारण त्या दिवशी तो खेळाडू तेथे नव्हता असे कोणी दाखवून दिले तर सगळ्याच पानांवरचा विश्वास उडतो.

नाव घातलेल्या सहीबद्दल आपण ऐकलेले खरे आहे. दुसऱ्याच्या नावाचे पान भिंतीवर लावायला ग्राहक नाखूश असतो, म्हणून एकट्या सहीपेक्षा तिला कमी मिळते. पण आपल्या बाबतीत वहीवर आपले नाव आहे, आत पानांवरही तेच नाव आहे आणि विकणारेही आपणच आहात. यामुळे वही एकसंध आणि विश्वासार्ह होते, त्यामुळे येथे मला तो दोष वाटत नाही.

आणखी एक. आम्हाला एका खरेदीदाराने वडिलांच्या वहीतील फक्त तीन पाने मागितली आणि त्या तीन पानांना संपूर्ण वहीसाठी आलेल्या मागणीइतकेच पैसे देऊ केले. भावाचा कल होकाराकडे होता. आम्ही नाही म्हटले आणि वही काही महिन्यांनी एका संग्राहकाकडे अखंड गेली, त्या तीन पानांच्या रकमेपेक्षा थोड्या जास्त किमतीला. प्रत्येक वेळी असे होईलच असे नाही, हे मान्य करते. तरीही सुट्या केलेल्या वहीला पुन्हा वही करता येत नाही.

जिल्हा ग्रंथालयवाला

मी ठाण्यात ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे कागदाबद्दल दोन शब्द. विक्री होईपर्यंत काहीही लॅमिनेट करू नका, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका आणि डाग पुसायला जाऊ नका. ऐंशीच्या दशकात जे चिकट पानांचे अल्बम मिळत, त्यांत तिकिटे लावलेली असतील तर ती ओढून काढू नका. दात साफ करण्याचा फ्लॉस तिकिटाखालून अलगद सरकवत नेल्यास बहुतेक वेळा कागद न फाटता सुटतो, आणि सुटत नसेल तर अल्बमचे पान तसेच ठेवून विकावे. ठाण्यातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदालाही बुरशी आणि कसर लागते. भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या तळाशी तिकिटे ठेवली असतील तर आजच ती वरच्या खणात हलवावीत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

नायडूंच्या छायाचित्राकडे मात्र सर्वांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडूंनी एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यापूर्वीच्या काळातील ही सर्वांत गाजलेली खेळी मानली जाते. छायाचित्र खरोखर त्या प्रसंगाचे असेल, तर ते आपल्या संपूर्ण संग्रहातील सर्वांत महत्त्वाची वस्तू ठरू शकते. ते मूळ छायाचित्र आहे की वृत्तपत्रातून अथवा पुस्तकातून घेतलेली छपाई, हे आधी तपासावे. भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई, सलग छटा दिसल्या तर छायाचित्र. मागच्या बाजूला छायाचित्रकाराचा किंवा स्टुडिओचा शिक्का आहे का, हेही पाहावे. आजोबांचे पेन्सिलीचे अक्षर खोडू नये.

याच वस्तूबाबत कायद्याचाही विचार करावा लागेल. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. छायाचित्र १९२६ चे असेल तर ते या मर्यादेच्या काठावरच आहे. म्हणून ते परदेशी ग्राहकाला देण्याचा विचार सोडावा आणि येथील नामांकित लिलावगृहाकडेच न्यावे, त्यांना या नियमांची माहिती असते.

मासिकांसाठी मी देणगीचा पर्याय सुचवीन. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९३ पासून चालत आलेल्या संस्था ठाण्यातच आहेत, पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे. नेण्यापूर्वी यादी पाठवून विचारावे, कारण जागेची अडचण सगळीकडेच आहे आणि ज्यांच्याकडे ते अंक आधीच आहेत त्यांना दुसरी प्रत नको असते.

वाशीचा संग्राहक

ग्रंथालयातील मित्रांनी छायाचित्राचा मुद्दा काढला ते फार बरे झाले, माझे त्याकडे दुर्लक्ष होऊ पाहत होते. लिलावगृहाचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडून दाखवतो. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, दी रिव्हाज अँड आइव्ह्ज, टोडीवाला अशी लिलावगृहे आहेत. प्रत्येकाचा विषय वेगळा, कोणी चित्रांचे, कोणी नाण्यांचे, कोणी जुन्या छापील वस्तूंचे, म्हणून मागील लिलावांच्या याद्या पाहून कोणाकडे जावे ते ठरवावे. समजा एका वहीवर २०,००० रुपयांना हातोडा पडला, म्हणजे ती अंतिम बोली ठरली, आणि विक्रेत्याकडून घ्यायचे कमिशन १५ टक्के ठरले आहे. कमिशनचे ३,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ५४० रुपये वजा जाता आपल्या हाती १६,४६० येतात. छायाचित्रण किंवा विम्याचा आकार असेल तर तोही वजा होईल. खरेदीदार हातोड्याच्या किमतीवर वेगळा अधिभार भरतो, तो आपल्याला मिळत नाही. पण बोली लावताना त्याने तो मनात धरलेला असतो. निकालांच्या यादीत छापलेली रक्कम अधिभारासह आहे की त्याविना, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये. किमान किंमत ठरवताना ती फार वर ठेवली तर वस्तू न विकता परत येते, आणि न विकलेली वस्तू पुढच्या लिलावात नेली की नेहमीचे ग्राहक तिच्याकडे पाठ फिरवतात. झालेल्या व्यवहारांच्या खालच्या टोकाशी किमान किंमत ठेवावी, बोली वर जायची असेल तर ती आपोआप जाते.

नेरूळच्या ताईंशी वह्यांबाबत मी पूर्ण सहमत आहे. तिकिटांबाबत मात्र सगळी एकत्र देऊ नयेत असे मला वाटते. १९७५ आणि १९८७ ची दोन तिकिटे स्वतंत्र, उरलेली दशकवार गट करून द्यावीत. सगळी एका गठ्ठ्यात दिली तर खरेदीदार त्या दोन तिकिटांचे पैसे देतो आणि बाकीची फुकट नेतो, किंवा त्याच्या उलट.

करासाठी आपल्या सीएंना एकदा विचारावे. वैयक्तिक वापराच्या चल वस्तूंना भांडवली नफ्याच्या करातून सूट असली तरी चित्रे, शिल्पे, कलाकृती आणि पुरातत्त्वीय संग्रह त्या सवलतीतून वगळलेले आहेत, त्यामुळे नायडूंचे छायाचित्र कशात मोडेल हे त्यांच्याकडूनच समजून घेतलेले चांगले.

नौपाडाकर

भिंग आणून पाहिले. बॅटीवरील सह्या छापील आहेत, रेघेत कोठेही जाड-बारीक नाही. ती मी विकणार नाही, ती भेट देणाऱ्या परिचितांच्या नातवाला देईन. नायडूंच्या छायाचित्रात ठिपक्यांची जाळी दिसत नाही आणि मागे एका कोपऱ्यात अर्धवट पुसलेला जांभळा शिक्का आहे, त्यातील ‘गिरगाव’ एवढीच अक्षरे वाचता येतात.

आता असे ठरवले आहे. छायाचित्र आणि दोन्ही वह्या लिलावगृहाला आधी केवळ अंदाजासाठी दाखवीन आणि शक्यतो दोन ठिकाणी दाखवीन. १९७५ व १९८७ ची तिकिटे त्यांच्या सूचनेनुसार त्याच लिलावात किंवा स्वतंत्रपणे देईन. उरलेली तिकिटे, स्मरणिका आणि टपाल तिकिटे यांसाठी त्याच व्यापाऱ्याला पुन्हा बोलावीन, पण या वेळी प्रत्येक गटाची किंमत वेगळी लिहून मागीन. ‘षटकार’चे अंक ग्रंथालयाने घेतले तर तेथे देईन. वह्यांची हकिगत लिहायला घेतली आहे; सोलकरांची सही घेतली तो सामना कोणता, हे मात्र आठवत नाही. तेथे साल न लिहिता ‘शिवाजी पार्क, क्लब सामना’ एवढेच लिहिले तर चालेल ना?

नेरूळहून

अवश्य चालेल, तेवढेच लिहा. आणि तो कागद आपल्या हाताने, शाईच्या पेनाने लिहून खाली तारीख व सही करा. वहीतील लहानपणीचे अक्षर आणि आजचे अक्षर शेजारी ठेवून पाहणारे ग्राहकही मी पाहिले आहेत. लिलावगृहाकडे वही देताना प्रत्येक पानाचे छायाचित्र आणि पानांची संख्या लिहिलेली पोच मात्र मागून घ्या.